मधला तीन

बापमंडळी मुलीच्या नोकरीची फुशारकी मारतात, तिच्या नव्या घराची मारतात, फारच झालं तर जावयाची मारतात. थोरला मारायचा ती एका संख्येची. त्याच्या मुलीने ती शोधून काढली होती, ती तीनशे एक आकडी होती आणि थोरल्याला ती तोंडपाठ होती. न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवून बसला की तो सुरू करायचा, "सात, शून्य, नऊ, दोन, चार, चार…" न्हावी बिचारा कात्री थांबवून विचारायचा, "अजून किती आहेत?" अर्ध्यावर पोचलं की थोरला दम घ्यायचा आणि म्हणायचा, "आता काही नाही, आता हेच उलटं." आणि खरंच उलटं म्हणून दाखवायचा. पुढे पुढे तो न्हावी त्याचे केस जरा घाईनेच कापू लागला.

थोरला आणि त्याचा धाकटा भाऊ पितळेचे आकडे कापत. घरांच्या दारांवरचे, कचेऱ्यांच्या खोल्यांवरचे, लिफ्टशेजारी मजला सांगणारे. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, मधे जाड लाकडाचं टेबल, भिंतीवर ओळीने खिळे आणि खिळ्यांना तयार आकडे टांगलेले. इंग्रजी सहा आणि नऊ एकाच खिळ्याला, कारण गिऱ्हाईक येईल तसा उलटा करून दिला की झालं. पत्रा बारीक करवतीने कापायचा, कडा कानशीने घासायच्या, मागे दोन पिना डाख देऊन जोडायच्या आणि शेवटी पॉलिश.

हे सगळं थोरल्यानेच धाकट्याला शिकवलं होतं. धाकट्याने काहीही कापून पुढे केलं की थोरला ते उजेडात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचा, "चालेल." इतक्या वर्षांत त्याची जीभ "चालेल"च्या पुढे सरकली नव्हती. धाकटाही काही कमी नव्हता. तो म्हणायचा, "तुझंही चालेल." मग दोघे एकमेकांकडे पाठ करून करवत चालवत बसायचे आणि जेवायची वेळ झाली की एकाच डब्यातून जेवायचे.

धाकटा लग्नाच्या भानगडीत पडला नाही. थोरल्याच्या मुलीलाच त्याने डोक्यावर बसवून ठेवलं होतं. लहानपणी ती दिवसभर टेबलाखाली पितळेचे आकडे घेऊन खेळायची, ओढून नेऊन एका रांगेत लावायची, म्हणून त्याने तिचं नाव मुंगी ठेवलं. तो वरून विचारायचा, "मुंगे, या संख्येला कोण भागतं गं?" ती खालून उत्तर द्यायची, "तीन." किंवा, "सात." पण एखाद्या वेळी टेबलाखाली बराच वेळ शांतता व्हायची आणि मग आवाज यायचा, "काका, हिला कुणीच भागत नाही." त्या आवाजात एवढा आनंद असायचा की दोघे भाऊ करवत थांबवून एकमेकांकडे बघायचे.

आता मुंगी कॉलेजात गणित शिकवत होती आणि सगळे तिला मॅडम म्हणत. पण खूळ तेच राहिलं होतं. जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच भागत नाही, अशी मूळ संख्या तिला हवी होती, आणि नुसती मूळ नाही, तर डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच वाचली जाईल अशी. शिवाय लांबलचक. संगणक चालत राहायचा, एकेक संख्या तपासून नापास करायचा आणि मुंगी नवी पुढे करायची. शेवटी एका सकाळी ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "सापडली," आणि आईच्या गळ्यात पडली. आई म्हणाली, "बरं झालं बाई, आता वेळेवर जेवशील."

प्राचार्यांना ती संख्या इतकी आवडली की गणित विभागाच्या लांब व्हरांड्यात ती लावायचं ठरलं. व्हरांड्याला दोन्ही टोकांना दारं. कुठल्याही दाराने आत या, संख्या तीच. कुणीतरी म्हणालं, छापील पट्टी चिकटवू. मुंगी म्हणाली, "माझ्या घरी आकडे कापतात."

हे ऐकून थोरल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. धाकट्याच्याही चढलं, पण त्याने दाखवलं नाही.

"दोघांनी करायचं," मुंगीने जेवताना सांगितलं. "बाबा, तुम्ही एका दारापासून. काका, तुम्ही दुसऱ्या. मधे भेटा." आणि तिने दोघांच्या हातात एकेक कागद दिला. संख्या दोन्हीकडून सारखीच असल्याने दोन्ही कागद सारखेच होते: सातापासून सुरू होऊन मधल्या आकड्यापर्यंत. मधला आकडा तीन होता.

"हा तीन बघा," ती कागदावर बोट ठेवून म्हणाली. "बाकी प्रत्येकाला पलीकडे जोडीदार आहे. हा एकटाच बिनजोडीचा. याच्या जागी दुसरा कुठलाही आकडा ठेवून बघितला, संख्या तुटते, तिला कुणीतरी भागतं. हाच हवा."

त्या क्षणी थोरल्याने मनात ठरवून टाकलं की मधला तीन आपल्या हातचा लागणार. पोर आपली, संख्या पोरीची, मग तिच्या काळजातला आकडा दुसऱ्या कुणी का कापावा? यात विचारायचं काय होतं? म्हणून त्याने विचारलं नाही. ताटाच्या पलीकडे धाकटा आमटी भुरकत होता, आणि पोरीला आकडे कुणी शिकवले, टेबलावरून प्रश्न कुणी विचारले, याचा हिशोब त्याच्याही मनात चालला होता. त्यानेही विचारलं नाही. या घरात दोन पुरुष आणि दोघांच्याही नाकावर माशी बसायची नाही, असं मुंगीची आई म्हणायची, ते उगीच नाही.

थोरल्याने सगळ्यात आधी तीनच कापला. बाकीचे दीडशे नंतर. रोज दुकान उघडलं की तो तीन कापडातून काढायचा, श्वास सोडून पुसायचा, एकदा पॉलिशच्या चाकावर धरायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. धाकटा बघून न बघितल्यासारखं करायचा. त्याने आपला तीन सगळ्यात शेवटी कापला, थोरला बाजारात गेला असताना, आणि खिशात टाकला.

आकडे लावायचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी समारंभ होता, बाहेरगावचे गणिती येणार होते. व्हरांड्यात भिंतीवर नजरेच्या उंचीला गडद लाकडाची लांब पट्टी बसवलेली होती. थोरला एका दाराशी उभा राहिला, धाकटा दुसऱ्या. भोकं पाडायची, गोंद घालायचा, आकडा बसवायचा, हाताच्या तळव्याने दाबायचा, पुढे सरकायचं. कॉलेजचा शिपाई स्टुलावर बसून कधी इकडे, कधी तिकडे बघत होता.

आता यातली गंमत अशी, की आपला मधला तीन नक्की मावावा म्हणून थोरला दोन आकड्यांमधलं अंतर जराजरा चोरत होता. केसभर इथे, केसभर तिथे, कुणाच्या डोळ्यांत येणार नाही इतकं. दीडशे आकडे होईपर्यंत त्याने चांगली जागा वाचवली. आणि धाकटा पलीकडून डिट्टो तेच करत होता. शेवटी शिकवणारा एकच ना!

दुपार कलता कलता दोघे खांद्याला खांदा लावून मधे येऊन थांबले. थोरल्याने कापड उलगडलं. धाकट्याने खिशात हात घातला. दोघांच्या हातात एकेक तीन.

"हे काय?" थोरला म्हणाला.

"तीन."

"तो दिसतोय मला. तू कशाला कापलास?"

"माझ्या कागदावर होता."

"माझ्याही कागदावर होता."

"मग भांड कागदाशी," धाकटा म्हणाला.

मग जी जुंपली ती विचारू नका. थोरल्याने बाप कोण ते काढलं. धाकट्याने शाळेत पोहोचवायला कोण जायचं ते काढलं. थोरल्याने करवत कुणी शिकवली ते काढलं, धाकट्याने मग गुरूला शिष्याची भीती का वाटते ते काढलं. शिपाई स्टूल जरा मागे घेऊन बसला. शेवटी दोघांचा घसा सुकला आणि दोघांनी एकदमच त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. जागा एका तिनाची हवी होती. पण दोघांनी वाचवून वाचवून ती झाली होती दोन तिनांची.

"दोन्ही लावू," धाकटा पुटपुटला.

थोरल्याने दोन्ही तीन शेजारी शेजारी धरून पाहिले. "डावीकडून वाच, उजवीकडून वाच. फरक पडतो?"

"काडीचा नाही."

"शेवटी सातच येतो ना?"

"सातच येतो. आणि पोरीची संख्या वाढलीच की एका घराने, घटली तर नाही."

इतका शहाणपणाचा तोडगा त्या घरात कित्येक वर्षांत निघाला नव्हता. दोघांनी आपापला तीन बसवला, मागे सरून पाहिलं आणि शिपायाकडून पाणी मागून प्यायले. थोरल्याची छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण ताणलं होतं.

शेवटचा तास संपवून मुंगी आली. दारातच तिने चपला काढल्या, का कुणास ठाऊक, आणि भिंतीला हात लावत, ओठांत आकडे म्हणत, हळूहळू चालत आली. दोघे भाऊ तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. अर्ध्या वाटेत तिचे डोळे भरून आले. मधे आली आणि थांबली.

"हे दोन कसे?" तिने विचारलं.

"एक माझा, एक याचा," थोरला अभिमानाने म्हणाला. "वाचून बघ. दोन्हीकडून तीच येते."

मुंगीने तोंडावर हात ठेवला. आधी वाटलं रडतेय, मग वाटलं हसतेय. ती सरळ खाली फरशीवर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "हिला आता अकरा भागतो."

"कोण अकरा?"

"अकरा. दहाच्या पुढचा."

थोरल्याला हे पटेचना. तीनशे आकडी संख्या, संगणकाला महिनोन् महिने घाम फोडलेली, आणि तिला भागणार कोण, तर अकरा? मुंगीने हत्यारांच्या पेटीतले जास्तीचे आकडे मागून घेतले आणि फरशीवर मांडले: तीन, चार, चार, तीन. "भागा अकराने."

धाकट्याने बोटांवर केलं. "तीनशे तेरा. बरोबर भाग जातो."

तिने दुसरे मांडले: दोन, पाच, पाच, दोन. "दोनशे बत्तीस," धाकटा म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली गेला.

"अकराची कसोटी शाळेतलीच आहे," मुंगी म्हणाली. "एक आकडा या गटात, पुढचा त्या गटात, असं एकाआड एक वाटत जायचं. दोन्ही गटांची बेरीज सारखी आली की अकराने भाग जातो. आता संख्या दोन्हीकडून सारखी असेल आणि आकडे मोजून सम भरत असतील, तर प्रत्येक आकड्याचा जोडीदार पडतो समोरच्या गटात. तीन इकडे, तीन तिकडे. सात इकडे, सात तिकडे. दोन्ही पारडी सारखी. कितीही लांब संख्या घ्या, सुटका नाही. आकडे मोजून विषम भरले, मधला एकटा असला, की जोडीदार एकाच गटात येतात, आणि मग अकराला असा आयता भाग मिळत नाही. म्हणून तो एकटा."

"हे आधी सांगायचंस की," थोरला म्हणाला.

"मला काय माहीत, तुम्ही दोघं माझ्या संख्येत समझोता कराल!"

शिपाई तोंड फिरवून हसला. पण थोरल्याला हसू येईना. जगात कुणी भागू शकत नाही म्हणून ज्या संख्येची त्याने न्हाव्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांपुढे टिमकी वाजवली, ती त्याने स्वतःच्या हाताने भागून ठेवली होती. उद्या सकाळी गणिती लोक या दारातून येणार, मधले दोन्ही तीन बघणार आणि एकमेकांकडे बघून हसणार. हसणार ते मुंगीला.

"एक काढायचा," तो म्हणाला.

"एक काढायचा," मुंगी म्हणाली. "पण कुठला ते मला विचारू नका. मी चहा सांगून येते." आणि ती खरंच निघून गेली. हुशार पोर, कुठून उठून जायचं ते तिला बरोबर कळायचं.

गोंद अजून ओला होता. थोरल्याने पातळ पातं घालून दोन्ही तीन हलकेच सोडवले, आपला आणि धाकट्याचा, आणि खिडकीच्या कट्ट्यावर उजेडात शेजारी शेजारी ठेवले. आपला परत लावायचा आणि धाकट्याचा पेटीत टाकायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. धाकट्याने पेटी पुढे सरकवली. मघाचं सगळं भांडण संपलं होतं, आणि थोरला मोठा होता.

पण आकडा उजेडात ठेवला की एक डोळा मिटायची सवय होती ना! थोरल्याने मिटला.

त्याचा तीन चकाकत होता. नको इतका चकाकत होता. रोज उठून चाकावर धरून धरून त्याच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. पोटाचा बाक जिथे आत वळतो तिथे नीट कोन हवा, तो बोथट झाला होता. कौतुकाच्या भरात त्याने स्वतःच त्याची धार घालवली होती. आणि शेजारी धाकट्याचा तीन. वरचं पोट खालच्यापेक्षा किंचित लहान, कारण सारखी ठेवली तर आकडा डोक्याने जड दिसतो. कडा लख्ख, आतला कोपरा इतका तीक्ष्ण की तिथे करवतीचं पातं वळवताना हात क्षणभरही थरथरला नव्हता. थोरल्याने त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एवढा कोपरा त्याला स्वतःला कधी साधला होता का, हे त्याने आठवून पाहिलं. साधला नव्हता.

त्याला राग आला. मग वाईट वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, त्याची इच्छा नसताना, छातीत काहीतरी वर वर येऊ लागलं, मुंगी "सापडली" म्हणाली होती त्या दिवशी आलं होतं तसंच.

"तुझा लाव," तो म्हणाला.

"कशाला? तुझा लाव. पोर तुझी आहे."

"तुझा चांगला झालाय."

धाकट्याने आधी त्या तिनाकडे पाहिलं, मग थोरल्याकडे, चेष्टा तर नाही ना, या नजरेने.

"माझ्यापेक्षा चांगला झालाय," थोरला कसाबसा म्हणाला आणि गोंदाची बाटली उगाच शोधू लागला. "आता बघत काय बसलास? गोंद सुकेल."

धाकट्याने तीन उचलला, पण पट्टीवर मधोमध धरताना तो एकदा इकडे कलायचा, एकदा तिकडे. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि मग तीन तसाच धरून उभा राहिला, नाक ओढत. थोरल्याने जुनी भोकं भुसा आणि सरस भरून बुजवली, बरोबर मधोमध नवी पाडली, आणि धाकट्याच्या हातावर आपला हात ठेवून तीन बसवला. दोघांनी चोरलेली जागा आता त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी राहिली होती.

मुंगी चहा घेऊन आली. "अंतर जास्त पडलं का गं?" थोरल्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. तिने कुणाचा तीन ते विचारलं नाही. काकाच्या लाल झालेल्या नाकाकडे पाहिलं आणि त्याच्या हातात चहा दिला. "त्याला ऐसपैस उभं राहू दे. तो एकटाच आहे."

दुसऱ्या दिवशी व्हरांडा माणसांनी भरला. प्राचार्य बोलले, पाहुणे बोलले, मुंगी बोलली. तिचं बोलणं चालू असताना तिची आई पदर तोंडाशी धरून बसली होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, वेळेवर जेवत नाही हो अजून. मग मुंगीच्या शेजारी उभं राहून फोटो काढायला आईवडिलांना बोलावलं. आई गेली. वडील कुठे दिसेनात.

थोरला मधल्या तिनाशी होता. बाहेरगावच्या एका पांढऱ्या केसांच्या गणितज्ञाचा त्याने कोपर धरून ठेवला होता आणि सोडत नव्हता. त्या माणसाला संख्येबद्दल विचारायचं होतं, कशी शोधली, किती दिवस लागले. थोरल्याने त्याला बोलूच दिलं नाही.

"ते पोरगी सांगेल. तुम्ही हा कोपरा बघा. हात लावून बघा, लाजू नका. अशी कड तुम्हाला कुठे सापडायची नाही. माझ्या भावाने कापलाय. तो तिकडे उभा आहे बघा, दाराआड, ऐकत नाही असं दाखवतोय."

"सुंदर आहे," गणितज्ञ म्हणाले. "आणि यात तुमचा कुठला?"

थोरल्याने डावीकडे ओळीत उभ्या असलेल्या आपल्या दीडशे आकड्यांकडे नजरसुद्धा टाकली नाही.

"माझा तो," दाराकडे बोट दाखवून तो म्हणाला. "त्याच्या हातात करवत मी दिली."